सरड्याची धाव कुंपणापर्यंत : शॅमेलिऑनच्या पिंजऱ्याचा दोन हजार वर्षांचा इतिहास

१/
सरड्याची धाव कुंपणापर्यंत. ज्याची झेप तोकडी, त्याला टोमणा मारण्यासाठी ही म्हण आपण वापरतो. उपहास क्षणभर बाजूला ठेवला, तर म्हणीमागचे निरीक्षण मात्र नेमके आहे. चाहूल लागली की सरडा कुंपणाकडेच पळतो, कारण कुंपण हेच त्याचे घर असते.

हिंगोली जिल्ह्यात बांधावरच्या बाभळीवर, निवडुंगाच्या ओळीत, कधी भर रस्त्यावर डुलत चाललेला शॅमेलिऑन दृष्टीस पडतो. तो पाहिलेल्या तरुणाच्या मनात एक प्रश्न हमखास उगवतो : याला घरी पाळता येईल का? आणि पाळायचे तर पिंजरा कसा असावा? हा प्रश्न अगदी जुना आहे. राजदरबारांनी, विदुषींनी, शल्यज्ञांनी आणि प्राणिसंग्रहालयांनी तो विचारला. त्यांच्या चुका आणि त्यांचे शोध हाच आजच्या धाग्याचा विषय.

२/
प्रथम ओळख करून घेऊ. मराठीत या प्राण्याला सरडगुहिरा म्हणतात. घोयरा हे नावही रूढ आहे. शास्त्रीय नाव कॅमेलिओ झेलॅनिकस. ऑस्ट्रियन निसर्गशास्त्रज्ञ लॉरेंटी याने १७६८ मध्ये ते दिले. जगात शॅमेलिऑनच्या दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्कर बेटावर आढळतात. भारताच्या वाट्याला मात्र ही एकच जात आली आहे.

शेपटीसह लांबी सुमारे फूटभर. डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंचवटा, वेटोळी शेपूट, चिमट्यासारखे पाय आणि एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरणारे शंकूच्या आकाराचे दोन डोळे. अंगणात मान हलवणारा, चपळाईने पळणारा नेहमीचा सरडा वेगळा. म्हणीतली धाव बहुधा त्या सरड्याची. घोयरा धावत नाही. वाऱ्याने पान हलावे तसा तो पुढेमागे झुलत एकेक पाऊल टाकतो. कुंपणावरचा हक्क मात्र दोघांचाही सारखाच आहे.

३/
आपल्या परंपरेत कोंडलेल्या सरड्याची एक प्रख्यात कथा आहे. महाभारताच्या अनुशासन पर्वात आणि भागवताच्या दशम स्कंधात नृग राजाचे आख्यान येते. राजाने दान दिलेली एक गाय चुकून त्याच्याच कळपात परतली आणि अजाणता तीच गाय दुसऱ्या ब्राह्मणाला दिली गेली. या दोषामुळे राजा कृकलास, म्हणजे सरडा, होऊन एका विहिरीत पडून राहिला.

भागवतातील प्रसंग मोठा बोलका आहे. खेळून तहानलेली यादवांची मुले पाण्याच्या शोधात त्या कोरड्या विहिरीपाशी येतात. आत डोंगराएवढा सरडा पाहून त्यांना प्रथम आश्चर्य वाटते आणि लगेच दया येते. दोर बांधून ती त्याला वर काढू पाहतात. ते जमत नाही, तेव्हा श्रीकृष्णाला बोलावून आणतात. श्रीकृष्ण डाव्या हाताने त्याला सहज उचलून मोकळे करतो.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्या मुलांच्या मनात सरड्याला घरी नेण्याचा विचार येत नाही. त्यांना तो बाहेर काढायचा असतो.

४/
परंपरेची दुसरी बाजू भीतीची आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौदाव्या अधिकरणात शत्रूवर करावयाच्या विषप्रयोगांच्या कृती दिल्या आहेत. त्यांतील घटकांत कृकलासाचाही समावेश आहे. वास्तविक घोयरा विषारी नाही. त्याला विषाचे दात नाहीत आणि त्याच्या श्वासाने किंवा नजरेने कोणालाही अपाय होत नाही. डिवचल्यास तो अंग फुगवतो, तोंड उघडतो, फुत्कारतो. हा सगळा बचावाचा देखावा असतो.

या देखाव्यानेच त्याचा घात केला. रंग बदलणारा, डोळे गरगर फिरवणारा, हळू चालणारा प्राणी अशुभ किंवा विषारीच असणार, असे मानून त्याला दगड मारणारे हात आजही आहेत. पळून जाण्याचे बळ त्याच्या पायांत नाही.

५/
भीती आणि दया यांच्यापलीकडची तिसरी दृष्टी मुघल दरबारात दिसते. जहांगीर बादशहाला पशुपक्ष्यांचे विलक्षण कुतूहल होते. त्याच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूर या चित्रकाराला त्याने ‘नादिर-उल-अस्र’, म्हणजे युगातील अद्वितीय, असा किताब दिला होता. इ. स. १६०० च्या सुमारास मन्सूरने काढलेले शॅमेलिऑनचे चित्र आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे.

चित्रात घोयरा बारीक फांदीला बिलगून बसला आहे. त्वचेवरचा दाणेदारपणा, बोटांची पकड, शेपटीचे वेटोळे, डोळ्याभोवतीची कातडी यांपैकी काहीही सुटलेले नाही. इतके बारकावे टिपायचे तर प्राणी जिवंत आणि बराच वेळ डोळ्यांसमोर असावा लागतो. मन्सूरने त्याला चौकटीत बसवताना फांदी आणि पाने वगळली नाहीत. फांदीवाचून शॅमेलिऑन अपुरा, हे या चित्रकाराला उमगले होते. युरोपातल्या विद्वानांना ते समजायला अजून बराच अवकाश होता.

६/
आता जरा पश्चिमेकडे वळू, कारण पाळण्याचा लेखी इतिहास तिकडे अधिक सापडतो. इसवी सनपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने प्राण्यांविषयीच्या आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात शॅमेलिऑनचे सविस्तर वर्णन केले. फिरणारे डोळे, मंद चाल, बदलणारा रंग, इतकेच काय, शरीर चिरल्यानंतरही काही वेळ चालू राहणारा श्वास, हे सगळे त्याने नोंदवले.

पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी याने एक वाक्य लिहून ठेवले आणि त्याने दीड हजार वर्षे गोंधळ घातला. त्याच्या मते हा प्राणी काही खात नाही, काही पीत नाही; केवळ हवेवर जगतो. ही समजूत इतकी पक्की झाली की, शेक्सपिअरच्या हॅम्लेटच्या तोंडीही तिचा उल्लेख येतो.

या समजुतीचा अर्थ पिंजऱ्याच्या दृष्टीने पाहा. ज्याला अन्न लागत नाही, त्याला अन्न कोण देणार? हवेवर जगणारा म्हणून मोठ्या कौतुकाने ठेवलेला प्राणी उपासमारीने मरण्याची पुरेपूर व्यवस्था एका विद्वानाच्या वाक्याने करून ठेवली होती. शॅमेलिऑन उपास पुष्कळ दिवस सोसतो आणि हीच त्याची सहनशक्ती त्याच्या मुळावर आली.

७/
विद्वान ग्रंथ उगाळत होते, त्या काळात खलाशी मात्र डोळे उघडे ठेवून फिरत होते. १५९५ मध्ये डच जहाजांचा ताफा पूर्वेकडे निघाला आणि वाटेत मादागास्करला थांबला. त्यावरील पीटर केइझर आणि फ्रेडरिक दे हाउटमन यांनी दक्षिण आकाशातील ताऱ्यांच्या नोंदी घेतल्या. त्या नोंदींवरून जी नवी नक्षत्रे नकाशावर आली, त्यांत एक शॅमेलिऑनही होता.

आणि त्याच्या शेजारी काय आले? एक कीटक. हाउटमनने १६०३ मध्ये छापलेल्या यादीत त्याचे नाव ‘माशी’ असे आहे. शॅमेलिऑन आणि माशी ही जोडी आकाशात आजही शेजारी शेजारी आहे. हे शॅमेलिऑन नक्षत्र दक्षिण ध्रुवाच्या इतके जवळ आहे की, हिंगोलीच्या क्षितिजावर ते कधीच उगवत नाही. आपल्याला आकाशातला शॅमेलिऑन दिसत नाही. बांधावरचा तेवढा दिसतो.

८/
हवेची दंतकथा मोडून काढण्याचे काम १६४६ मध्ये थॉमस ब्राउन या इंग्रज वैद्याने हाती घेतले. प्रचलित भ्रमांचा समाचार घेणाऱ्या आपल्या ग्रंथात त्याने एक पूर्ण प्रकरण शॅमेलिऑनला दिले. त्याचा युक्तिवाद साधा होता. या प्राण्याला दात आहेत, जठर आहे, आतडी आहेत आणि शिकार पकडण्याजोगी लांब जीभ आहे. हवेवर जगणाऱ्याला हा सारा संसार कशाला हवा?

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. प्लिनीचे वाक्य खोडण्यासाठी कोणतेही नवे यंत्र लागले नाही. समोरच्या प्राण्याकडे नीट पाहणे आणि त्याच्या अवयवांचे प्रयोजन विचारणे एवढेच लागले. तेवढे घडायला पंधरा शतके जावी लागली.

९/
पुढचा टप्पा पॅरिसचा. फ्रेंच विज्ञान अकादमीतील क्लोद पेरो याने शॅमेलिऑनचे विच्छेदन करून त्याचा वृत्तांत १६६९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १६७२ मध्ये, मादलेन द स्क्युदेरी या नामवंत लेखिकेकडे इजिप्तमधून जिवंत शॅमेलिऑन आले. तिने त्यांना उबेत जपले, दिवसेंदिवस त्यांचे निरीक्षण केले आणि १६८८ मध्ये ‘दोन शॅमेलिऑनांची कहाणी’ छापली.

त्या काळी देकार्तच्या अनुयायांचे मत होते की, प्राणी म्हणजे चालती यंत्रे. त्यांना भावना नाहीत. स्क्युदेरीला ते मान्य नव्हते. एकाच शहरात, एकाच पिढीत, एकाच प्राण्याकडे पाहण्याच्या दोन रीती अशा समोरासमोर उभ्या राहिल्या. एकीला तो मेल्यावर उघडून पाहायचा होता, दुसरीला तो जगताना पाहायचा होता. आपणही शॅमेलिऑन पाळायचा म्हणतो, तेव्हा यांपैकी कोणती ओढ आपल्या मनात आहे, हे तपासून पाहावे.

१०/
अन्नाचे कोडे सुटले, तरी पाण्याचे उरले. वाटीत पाणी भरून ठेवले आणि प्राणी तहानेने सुकून गेला, असा अनुभव पाळणाऱ्यांना पुन्हा पुन्हा आला. याचे कारण त्याच्या राहणीत आहे. झाडावर राहणारा शॅमेलिऑन पानांवरचे दव आणि पावसाचे थेंब चाटून तहान भागवतो. हलणारा, चमकणारा थेंब त्याला पाणी म्हणून कळतो. वाटीतले संथ पाणी त्याच्या लक्षातही येत नाही.

म्हणून आजच्या चांगल्या पिंजऱ्यात पाण्याच्या भांड्याऐवजी पानांवर तुषार शिंपडण्याची किंवा वरून थेंब थेंब पाणी सोडण्याची सोय असते. दवाचे काम माणसाला नळीने करावे लागते.

११/
एकोणिसाव्या शतकात काच स्वस्त झाली आणि पाळण्याची तऱ्हा बदलली. नॅथॅनिएल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरने बंद काचपेटीत नेच्याची रोपे जगतात हे दाखवले आणि १८४२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. वॉर्डच्या पेट्यांतून रोपे समुद्रापार जाऊ लागली. १८४९ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातले पहिले सर्पगृह उघडले. सरपटणारे प्राणी काचेआड ठेवून पाहण्याची चटक शहरांना लागली.

नेच्याला मानवणारी बंद काचपेटी शॅमेलिऑनला मात्र मानवत नाही. कोंडलेली दमट हवा त्याच्या श्वसनाला घातक ठरते. शिवाय काचेत स्वतःचेच प्रतिबिंब दिसले, तर परका नर आला असे समजून तो सतत अस्वस्थ राहू शकतो. म्हणूनच त्याच्यासाठी चारही बाजूंनी वारा खेळेल असा उभा, जाळीचा पिंजरा श्रेयस्कर मानला जातो. प्लिनीचे म्हणणे उलट्या अर्थाने खरे निघाले. हवा हे त्याचे अन्न नव्हे, पण हवेवाचून त्याचे भागतही नाही.

१२/
मग आला प्रकाशाचा शोध. १९१९ मध्ये बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरने मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवले आणि त्यांची हाडे सुधारली. त्वचेवर हे किरण पडले की शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्या साह्याने हाडांना कॅल्शियम मिळते, ही गोष्ट पुढे स्पष्ट झाली. खिडकीची साधी काच मात्र हे उपयोगी किरण अडवते.

ज्ञानाचा हा धागा सरड्यांपर्यंत नेला जोन प्रॉक्टर या तरुण शास्त्रज्ञेने. शाळेत असताना छोटी मगर वर्गात घेऊन जाणारी ही मुलगी १९२३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांची अभिरक्षक झाली. १९२७ मध्ये उघडलेल्या नव्या सर्पगृहाची रचना तिची. तेथे तिने विजेच्या उष्णतेची सोय केली आणि अतिनील किरण आत येऊ देणारी व्हायटा काच वापरली. प्रकृती सदैव नाजूक असलेली प्रॉक्टर १९३१ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी वारली. ऊन हा पिंजऱ्याचा अविभाज्य भाग आहे, हा तिचा धडा मागे राहिला.

१३/
या धड्याला शॅमेलिऑननेच पुष्टी दिली. २००३ मध्ये गॅरी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आहारात ड जीवनसत्त्व कमी होते, ते प्राणी आपणहून अतिनील किरणांत अधिक वेळ बसत. ज्यांना ते पुरेसे मिळत होते, ते कमी बसत. किती ऊन घ्यावे याचा हिशेब प्राणी स्वतः ठेवत होता.

यावरून पिंजऱ्याचा आणखी एक नियम निघाला. आत एकसारखे ऊन असून चालत नाही. एक कोपरा तापलेला, एक थंड. एक फांदी उजेडात, दुसरी सावलीत हवी. निवड करण्याची मुभा हवी. ती नसेल, तर दिवा जवळ असला की प्राणी भाजतो आणि दूर असला की त्याची हाडे मऊ पडतात.

१४/
रंगाविषयीचा गैरसमज तर आपल्या भाषेतच मुरला आहे. सरड्यासारखा रंग बदलणारा म्हणजे दगाबाज, असे आपण म्हणतो. २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की, पँथर शॅमेलिऑनच्या त्वचेतील पेशींत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे रचलेले असतात. त्यांच्यातले अंतर कमीजास्त झाले की परावर्तित होणारा प्रकाश बदलतो आणि रंग पालटतो. त्याआधी, २००८ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतील बुटक्या शॅमेलिऑनांवरील अभ्यासातून असे पुढे आले होते की, ठळक रंगबदलाची ही क्षमता मुख्यत्वे प्रतिस्पर्ध्याला आणि जोडीदाराला संकेत देण्यासाठी विकसित झाली.

थोडक्यात, तो रंगाने लपवतो त्यापेक्षा बोलतो अधिक. राग, भीती, थंडी, आजार हे सारे त्याच्या अंगावर उमटते. दोन नर एका पिंजऱ्यात ठेवले तर दोघांचेही रंग गडद होऊन राहतात, कारण हरलेल्याला पळून जायला जागा नसते. शॅमेलिऑन एकटाच राहतो आणि त्याला एकटाच राहू द्यावा लागतो. कुरवाळून घेण्यात त्याला सुख नाही. काळवंडलेला शॅमेलिऑन हातावर घेऊन छायाचित्र काढणारा माणूस त्याची तक्रार वाचत नसतो, एवढेच.

१५/
सर्वांत उशिरा ध्यानात आली ती माती. झाडावर राहणाऱ्या प्राण्याला जमीन कशाला, असे कोणालाही वाटेल. पण घोयऱ्याची मादी अंडी घालण्यासाठी खाली उतरते, जमिनीत बीळ खणते, साधारणतः दहा ते तीस अंडी घालते आणि माती सारखी करून निघून जाते.

आपल्या घोयऱ्याविषयीच्या नोंदींचा इतिहास मुंबईशी जोडलेला आहे. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९१२ मध्ये ट्रेंच यांचे या प्राण्यावरील टिपण छापले गेले. त्याच नियतकालिकात १९८४ मध्ये सिंग, आचार्ज्यो आणि बस्टर्ड यांनी त्याच्या प्रजननाविषयीची निरीक्षणे मांडली. ज्या पिंजऱ्यात खणण्याजोगी ओलसर माती नाही, तेथे मादी अंडी पोटातच अडवून धरते आणि बहुधा प्राणाला मुकते. रस्त्यावर सापडलेली, संथ चालणारी, पोट फुगलेली घोयरी पुष्कळदा अशा मातीच्या शोधात निघालेली असते. तिला भरकटलेली समजून घरी नेणे म्हणजे तिचा प्रवास ऐन वेळी तोडणे.

१६/
आता हे सारे तुकडे एकत्र जुळवू. दोन हजार वर्षांच्या अनुभवातून शॅमेलिऑनच्या आदर्श पिंजऱ्याचा जो आराखडा सिद्ध झाला, तो असा :

रुंदीपेक्षा उंची अधिक, बाजूंना जाळी, वारा खेळता. बोटांच्या पकडीत मावतील अशा आडव्यातिरप्या काटक्या. लपायला जिवंत पानांची गर्दी. एका बाजूला कोवळे ऊन, दुसऱ्या बाजूला गार सावली. पहाटे पानांवर थेंब, दुपारी कोरडेपणा, रात्री गारवा. नाकतोडे, माश्या, अळ्या असे नानाविध जिवंत भक्ष्य, कारण एकाच प्रकारच्या किड्यांवर ठेवले तर कॅल्शियम कमी पडते आणि भुकटी लावून ते पुरवावे लागते. शरीराहूनही लांब जाणारी जीभ फेकता येईल इतके मोकळे अंतर. तळाशी खणण्याजोगी माती. आणि दुसरा शॅमेलिऑन नजरेआड.

हे वर्णन पुन्हा एकदा सावकाश वाचा. हे कशाचे वर्णन आहे? बांधावरच्या कुंपणाचे. जाळी, दिवे, तुषार आणि भुकट्या लावून माणसाने जे मोठ्या कष्टाने घडवले, ते बोर, बाभूळ, निवडुंग, शेर आणि तरवड यांच्या ओळीने आपल्या शेताच्या कडेला फुकट उभे केले होते.

१७/
पिंजऱ्याबाहेरही या छंदाचे परिणाम झाले. १९७२ मध्ये हवाई बेटांपैकी ओआहू बेटावरील कानेओहे येथे प्राणिविक्रीच्या एका दुकानासाठी केनियातून जॅक्सन शॅमेलिऑन आणले गेले. प्रवासाने थकलेले ते प्राणी सुधारावेत म्हणून दुकानदाराने परसात सोडले आणि ते निसटले. आज त्यांची प्रजा त्या बेटांवर स्थिरावली आहे आणि तेथील देशी गोगलगायी व कीटक फस्त करीत आहे. दुसऱ्या टोकाला, मूळ देशांतून होणारी पकड इतकी वाढली की, १९७७ मध्ये कॅमेलिओ वंशाचे प्राणी साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालावे लागले. परवान्याशिवाय त्यांचा देशोदेशींचा व्यापार बेकायदा ठरला.

१८/
भारतात या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिले आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत शॅमेलिऑनचे नाव त्याच्या जुन्या शास्त्रीय नावाने आले. त्या नावातील ‘कॅल्कॅरेटस’ या शब्दाचा अर्थ ‘टाचेला काटा असलेला’ असा आहे. या कायद्याच्या व्याख्येनुसार वन्यप्राणी नुसता पकडणे हीसुद्धा शिकारच ठरते. देशी घोयरा घरी ठेवणे, विकणे, विकत घेणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही प्रेमाचा असो.

विदेशी जातींचे काय? २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्या सहावरून चारवर आणल्या आणि साइट्समधील प्राण्यांसाठी स्वतंत्र अनुसूची केली. २०२४ मध्ये आलेल्या नियमांनुसार असे जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला त्यांची नोंदणी करणे बंधनकारक आहे. ‘विदेशी’ म्हणून विकला जाणारा प्राणी पुष्कळांना ओळखताही येत नाही आणि देशी घोयरा त्या नावाखाली खपवला जाऊ शकतो, हेही ध्यानात असू द्यावे.

१९/
आता आपल्या मुलखाकडे परत येऊ. हिंगोलीने अनेक सरहद्दी पाहिल्या. निजामाचे हैदराबाद संस्थान, १७ सप्टेंबर १९४८ ची मुक्ती, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य, १९६० मध्ये महाराष्ट्र आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला स्वतंत्र जिल्हा. नकाशावरच्या या रेषा आपण पाठ करतो. शेताशेतांमधल्या जिवंत रेषा मात्र पुसल्या जात असताना आपल्या ध्यानातही येत नाहीत.

कयाधू आणि पैनगंगेच्या खोऱ्यांतला, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, वसमत या तालुक्यांतला काटेरी झुडपांचा कोरडा प्रदेश घोयऱ्याला मानवणारा आहे. सोयाबीन आणि हळदीच्या एकेक ओळीला जागा मिळावी म्हणून बांध कोरले जातात. यंत्र एका दुपारीत वर्षांनुवर्षांचे कुंपण साफ करते आणि त्या जागी सिमेंटचे खांब व काटेरी तार येते. तारेवर दव पडते, पण तिला पान नाही, सावली नाही, किडा नाही. शेतकऱ्याची अडचण खरी आहे. जमीन तोकडी, वाटण्या झालेल्या आणि जनावरांचा उपद्रव मोठा. तथापि सगळाच बांध उघडा करण्याची गरज असतेच असे नाही. एखादा कोपरा, विहिरीभोवतीची झुडपे, ओढ्याकाठची एक ओळ राखली, तरी तेथे घोयऱ्याचा पूर्ण संसार मावतो. तो पिकावरचे किडे खातो, हेही शेतकऱ्याच्या पदरात पडतेच.

२०/
मग पाळण्याची हौस असलेल्या तरुणाने काय करावे?

रस्त्यावर घोयरा दिसला, तर वाहने थांबवून त्याला ओलांडू द्यावे. फारच धोका असेल, तर त्याच्यासमोर काठी आडवी धरावी. तो आपणहून तिच्यावर चढतो. ज्या दिशेने तो निघाला होता, त्याच बाजूच्या झुडपात काठी टेकवावी. जखमी असेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. कोणी दगड उचलला, तर तो विषारी नाही हे शांतपणे सांगावे.

आणि पाहण्याची आवड असेल, तर एक वही करावी. कोणत्या तारखेला, कोणत्या झाडावर, किती वाजता दिसला. रंग कोणता होता. काय खात होता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जुन्या अंकांतील कितीतरी टिपणे अशाच साध्या नोंदींतून जन्मली. मन्सूरच्या चित्राचे आणि स्क्युदेरीच्या पुस्तकाचे मूळही अशा धीराच्या पाहण्यातच आहे. फरक एवढाच की, आपल्याला त्यासाठी प्राणी समुद्रापारहून आणावा लागत नाही.

२१/
नृगाची कथा पुन्हा आठवा. विहिरीच्या काठावर उभी असलेली ती मुले तहानलेली होती. स्वतःसाठी पाणी शोधायला आली होती. तरीही खाली अडकलेला जीव पाहून त्यांना आधी दोर आठवला. कुतूहल आणि करुणा एकाच वेळी जागी झाल्याचा तो क्षण आहे.

दोन हजार वर्षे माणूस शॅमेलिऑनला कुंपण घालत आला. त्या प्रत्येक पिंजऱ्याने शिकवले ते इतकेच की, या प्राण्याला लागणारे कुंपण आधीपासून अस्तित्वात होते. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते हे खरे. ते कुंपण तिथे शिल्लक ठेवणे, एवढे आपल्या हाती आहे.

धागा समाप्त. तुमच्या गावात या प्राण्याला कोणत्या नावाने ओळखतात आणि तो शेवटचा कोणत्या झाडावर पाहिला होता, ते अवश्य लिहा.